‘आमच्याकडे सगळ्यांनाच जास्त जातं’: बायकांच्या रक्तस्रावाचा राहून गेलेला इतिहास

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)



आजचा विषय थोडा घरचा आहे. म्हणजे इतिहासच सांगणार आहे, काळजी नको. पण सुरुवात आमच्या घरातून करतो.

तीन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीची अक्कलदाढ काढली. साधी गोष्ट. संध्याकाळपर्यंत रक्त थांबायला हवं होतं, ते दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत थांबेना. उशीची खोळ लाल. परत दवाखाना, परत टाके. तिथे एका तरुण डॉक्टरबाईंनी तिला बाजूला घेऊन विचारलं, ‘पाळीत किती जातं?’ बहीण म्हणाली, ‘नॉर्मल.’ डॉक्टर म्हणाल्या, ‘नॉर्मल म्हणजे किती दिवस? किती पॅड?’ आठ-नऊ दिवस, आणि पहिले तीन दिवस दर तासा-दीड तासाला पॅड बदलायचा, रात्री अलार्म लावून उठायचं. हे तिचं नॉर्मल.

आई शेजारीच उभी होती. ती अगदी सहज म्हणाली, ‘आमच्याकडे सगळ्यांनाच जास्त जातं हो. माझ्या आईलाही जायचं.’

तपासण्या झाल्या आणि निदान आलं: वॉन विलेब्रँड आजार, सौम्य प्रकारचा. जन्मापासून असलेला, आनुवंशिक. मी इंजिनिअर माणूस, नाव ऐकल्यावर रात्री वाचत बसलो. वाचता वाचता लक्षात आलं, की हा आजार नुसता रक्ताचा नाहीये, तो एका वाक्याचाही आहे. ते वाक्य असं: ‘रक्त न थांबण्याचा आजार पुरुषांना होतो, बायका तो फक्त पुढे देतात.’ आज याच वाक्याचा माग काढूया. ते कुठे जन्मलं, कोणी खोडून काढलं, आणि खोडल्यावरही ते का टिकलं.

फिलाडेल्फिया, १८०३

अमेरिकेत फिलाडेल्फियाला जॉन कॉनरॅड ओटो नावाचे एक डॉक्टर होते. १८०३ साली त्यांनी एक छोटा लेख छापला. काही घराण्यांत पुरुषांना किरकोळ खरचटलं तरी रक्त थांबत नाही, कधी कधी जीव जातो, असं त्यांनी नोंदवलं. एका घराण्याचा माग त्यांनी मागे न्यू हॅम्पशायरमधल्या एका बाईपर्यंत नेला. त्यांचं निरीक्षण असं, की आजार पुरुषांनाच होतो. बायका त्यातून सुटतात, पण आपल्या मुलग्यांना मात्र देऊ शकतात.

निरीक्षण म्हणून हे थोर होतं बरं का. जनुकं, गुणसूत्रं यांतलं काहीच तेव्हा ठाऊक नव्हतं. मेंडेलचा जन्मसुद्धा झालेला नव्हता. तरी या माणसाने नुसत्या घराण्यांच्या हकिगती जुळवून आजार कसा वाहतो ते ओळखलं. पुढे १८२८ च्या सुमारास या आजाराला ‘हिमोफिलिया’ हे नाव पडलं.

घोळ कुठे झाला? ओटोंनी पाहिलेली घराणी एका विशिष्ट आजाराची होती. त्यावरून निघालेला नियम मात्र रक्तस्रावाच्या सगळ्याच आजारांना लागू करून टाकला गेला. आमच्या भाषेत सांगायचं तर एका सर्व्हरच्या लॉगवरून अख्ख्या सिस्टिमचा नियम लिहिला.

राणीचं घराणं

हे वाक्य जगभर पसरायला एक राजघराणंही कारणीभूत झालं. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया. तिचा मुलगा लिओपोल्ड हिमोफिलियाचा रुग्ण होता. १८८४ साली फ्रान्समध्ये कान इथे तो पाय घसरून पडला आणि रक्तस्रावाने गेला. वय अवघं तीस. राणीच्या मुलींमार्फत आजार युरोपातल्या इतर राजघराण्यांत गेला. रशियाच्या झारचा मुलगा अलेक्सेई आणि रासपुतीन ही गोष्ट तुम्ही ऐकलेलीच असेल. २००९ साली झारच्या कुटुंबाच्या अस्थींतल्या डीएनएवरून हा हिमोफिलियाचा ‘बी’ प्रकार असल्याचंही सिद्ध झालं.

शाळेच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात आपण हीच वंशावळ बघतो. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे स्त्री. चौकोन पूर्ण काळे, गोल अर्धे काळे. गोलाखाली लिहिलेलं असतं: ‘वाहक’. मी बारावीला ही आकृती काढून पूर्ण मार्क घेतलेत. त्या अर्ध्या काळ्या गोलातल्या बाईला काय होत असेल, तिची पाळी कशी, बाळंतपण कसं, हा प्रश्न मला पडला नाही, सरांनाही पडला नाही.

बेटावरची मुलगी

आता १९२४. फिनलंड आणि स्वीडन यांच्यामध्ये समुद्रात ऑलंड नावाचा बेटांचा समूह आहे. त्यातल्या फॉग्लो बेटावरून पाच वर्षांच्या एका मुलीला हेलसिंकीला आणलं गेलं. नाव यॉर्डिस. नाकातून, हिरड्यांतून, जखमांतून येणारं रक्त थांबायचं नाही. तिच्या काही बहिणी अगदी लहानपणीच रक्तस्रावाने दगावल्या होत्या. आई आणि वडील, दोघांच्याही घराण्यात हा त्रास.

तिला तपासणारे डॉक्टर होते एरिक वॉन विलेब्रँड. त्यांनी ‘मुलगी आहे, म्हणजे हिमोफिलिया नाही, म्हणजे काही नाही’ असं म्हणून विषय संपवला नाही. यॉर्डिसच्या रक्तातल्या प्लेटलेट पुरेशा होत्या. नळीत घेतलेलं रक्त ठरलेल्या वेळात गोठतही होतं. पण त्वचेला बारीक टोचलं, की तिथलं रक्त थांबायला फार वेळ लागत होता. मग त्यांनी तिच्या घराण्याची माहिती जमवली. ६६ माणसं. त्यांपैकी २३ जणांना रक्तस्रावाचा त्रास. वाटणी बघा: ३५ बायकांपैकी १६ आणि ३१ पुरुषांपैकी ७.

म्हणजे ओटोंचं वाक्य इथे उलटं होत होतं. बायका नुसत्या आजार पुढे देत नव्हत्या, त्यांना स्वतःलाच तो पुरुषांपेक्षा जास्त छळत होता. १९२६ साली वॉन विलेब्रँड यांनी हे स्वीडिश भाषेत प्रसिद्ध केलं. त्यांनी दिलेलं नाव मात्र होतं ‘आनुवंशिक स्यूडोहिमोफिलिया’. स्यूडो म्हणजे खोटा, भासणारा. खरा आजार पुरुषांचा, हा त्याच्यासारखा दिसणारा. नावातसुद्धा बायकांचा आजार दुय्यमच! तो वॉन विलेब्रँडच्या नावाने ओळखला जाऊ लागला ते नंतर.

आणि यॉर्डिस? ती तेरा वर्षांची झाली, पाळी सुरू झाली आणि चौथ्या पाळीत रक्तस्रावाने ती गेली.

हे वाक्य रेकॉर्ड करताना मी दोनदा थांबलो. चौथी पाळी. तिचा आजार ओळखणारा जगातला पहिला डॉक्टर तिला लाभला होता, तरी उपचार कोणाकडेच नव्हता.

मुळात बिघडतं काय?

इथे थोडं विज्ञान. कंटाळू नका, दोन मिनिटांत उरकतो.

शेताचा बांध फुटला की शेतकरी काय करतो? आधी मिळतील ते दगड आणि पोती तिथे टाकतो. मग त्यावर माती लिंपून बांध पक्का करतो. शरीरही तसंच करतं. रक्तवाहिनी फुटली की आधी प्लेटलेट नावाच्या बारीक पेशी तिथे जमतात, ती पोती. मग रक्तातले ‘फॅक्टर’ एकामागून एक कामाला लागून धाग्यांची जाळी विणतात, ते लिंपण. हिमोफिलियात लिंपणाचा माल कमी असतो, फॅक्टर आठ किंवा नऊ. पण वाहत्या पाण्यात पोती जागेवर राहायला त्यांना काहीतरी बांधून धरायला हवं ना? ते बांधणारं प्रथिन म्हणजे वॉन विलेब्रँड फॅक्टर. शिवाय ते फॅक्टर आठला सांभाळून नेतं. हे प्रथिन कमी पडलं की नाक, हिरड्या आणि गर्भाशयाचं अस्तर अशा नाजूक जागा जास्त वाहतात.

आणखी एक. हिमोफिलियाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. पुरुषात एक्स एकच, म्हणून बिघाड थेट दिसतो. वॉन विलेब्रँडचं जनुक बाराव्या गुणसूत्रावर आहे. ते मुलगा-मुलगी बघत नाही, दोघांनाही सारखंच मिळू शकतं. मग बायकांना त्रास जास्त का? कारण पुरुषाचा बांध क्वचित कधी फुटतो. बाईचा दर महिन्याला, आणि बाळंतपणात तर एकदम मोठा.

तीन बायका, तीन शोध

यापुढच्या इतिहासात मला तीन बायका भेटल्या. तिघी वेगवेगळ्या देशांतल्या.

पहिली इंगा मारी निल्सन, स्वीडनमधल्या मालमो शहरातली डॉक्टर. १९५० च्या दशकात ती, मार्गारेटा ब्लॉमबॅक आणि सहकारी ऑलंडला गेले आणि यॉर्डिसच्या घराण्यातल्या लोकांचं रक्त तपासलं. रक्तद्रवातून काढलेला एक विशिष्ट भाग दिला, की या रुग्णांचा रक्तस्राव आटोक्यात येतो, हे त्यांनी दाखवलं. खरी गंमत पुढे आहे. हिमोफिलिया ए च्या रुग्णाच्या रक्तातून काढलेला तोच भाग दिला, तरीही फायदा झाला! त्या रुग्णाकडे फॅक्टर आठ नव्हताच. म्हणजे या बायकांच्या रक्तात जे कमी होतं ते फॅक्टर आठ नव्हे, दुसरंच काहीतरी. ‘खोटा हिमोफिलिया’ हा स्वतंत्र, खराखुरा आजार होता. १९८५ साली त्याचं जनुकही सापडलं.

दुसरी मेरी लायन, ब्रिटनची. १९६१ साली तिने उंदरांच्या अभ्यासावरून सांगितलं, की मादीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्सपैकी एक गप्प बसतो, आणि कुठला बसेल ते नशिबावर असतं. आता ‘वाहक’ बाईचा विचार करा. एक एक्स चांगला, एक बिघडलेला. बऱ्याचशा पेशींत चांगलाच गप्प बसला तर? तिचा फॅक्टर खाली जाणार. अशा कित्येकींचं रक्त नॉर्मलपेक्षा हळू थांबतं. अर्धा काळा गोल दर वेळी अर्धाच काळा नसतो. तरीही या बायकांना ‘वाहक’ एवढंच न म्हणता, फॅक्टर ४० टक्क्यांच्या खाली असेल तर सरळ ‘हिमोफिलियाच्या रुग्ण’ म्हणा, असं आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने अधिकृतपणे सुचवायला २०२१ साल उजाडलं. साठ वर्षं!

तिसरी उताको ओकामोतो, जपानची. युद्धानंतरच्या टंचाईत ती आणि तिचा नवरा शोसुके यांनी रक्त या विषयावर काम सुरू केलं. बाळंतपणात रक्त जाऊन बायका मरतात, ते थांबवणारं औषध तिला हवं होतं. पाळणाघर नव्हतं, म्हणून मुलीला पाठीला बांधून ती प्रयोगशाळेत काम करायची. १९६२ साली त्यांनी ट्रॅनेक्झॅमिक ऍसिड जगासमोर आणलं. बांध घातल्यावर शरीर तो हळूहळू विरघळवतं. हे औषध ते विरघळणं लांबवतं.

पण बाळंतपणातल्या रक्तस्रावावर ते तपासून बघायला तेव्हाच्या प्रसूतितज्ज्ञांना तिला राजी करता आलं नाही. औषध दातांच्या शस्त्रक्रियेत, पाळीच्या रक्तस्रावात वापरलं गेलं. ज्यासाठी शोधलं त्याची मोठी चाचणी व्हायला मात्र जवळजवळ अर्धं शतक लागलं. २१ देशांतल्या २०,०६० बायकांवर झालेल्या त्या चाचणीचे निकाल एप्रिल २०१७ मध्ये आले. बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत औषध दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. ओकामोतोबाई आदल्याच वर्षी, ९८ व्या वर्षी वारल्या होत्या. निकाल बघायला त्या नव्हत्या.

माझ्या बहिणीच्या पर्समध्ये आज हीच गोळी असते.

किती म्हणजे जास्त?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ‘नॉर्मल’ म्हणजे किती?

हा प्रश्न विज्ञानाने नीट मोजायला घेतला तो १९६६ साली, स्वीडनमधल्या गोथेनबर्गमध्ये. बायकांकडून वापरलेले पॅड गोळा करून त्यांतलं रक्त मोजलं गेलं. सरासरी निघाली ४० मिलिलीटरच्या आसपास, आणि ८० च्या वर गेलं तर ‘जास्त’ असं ठरलं. पण घरात कोण मिलिलीटर मोजणार? म्हणून १९९० साली ब्रिटनमध्ये चित्रांचा एक तक्ता तयार झाला. पॅड थोडा भिजलेला, अर्धा भिजलेला, पूर्ण भिजलेला. प्रत्येकाला गुण. बेरीज शंभरच्या वर गेली की डॉक्टरांकडे.

१९९८ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये, पाळीत खूप रक्त जातं पण गर्भाशयात काही दोष सापडत नाही, अशा १५० बायकांचं रक्त तपासलं. त्यांतल्या १७ टक्के बायकांना रक्तस्रावाचा आनुवंशिक आजार निघाला. सहा जणींत एक! आणि मोठा वाटा वॉन विलेब्रँडचाच.

इथेच मला आईचं वाक्य आठवलं. ‘आमच्याकडे सगळ्यांनाच जास्त जातं.’ आजार आनुवंशिक असला की तो असाच लपतो. मुलगी तुलना कोणाशी करणार? आईशी, मावशीशी, आजीशी. आणि त्यांचंही तसंच. आम्ही सिस्टिमवर लक्ष ठेवायला अलार्म लावतो तेव्हा आधी ‘नेहमीचं’ किती ते ठरवावं लागतं. ते बिघडलेल्या मशीनवरूनच ठरवलं, तर अलार्म वाजणारच नाही. आमच्या घरात तीन पिढ्या अलार्म वाजला नाही.

त्यातून आपल्याकडे बोलायचीही पंचाईत. आजीच्या काळी ‘कावळा शिवला’ म्हणून चार दिवस बाजूला बसायचं. ज्याचं नावच घ्यायचं नाही, ते मोजणार कसं? आज बाजूला बसणं बऱ्याच घरांतून गेलंय. न बोलणं राहिलंय. मी स्वतः सव्वीस वर्षं त्या घरात राहिलो. रात्री तीनला बाथरूमचा दिवा लागतो एवढं मला माहीत होतं. का लागतो, हे विचारलं नव्हतं.

आपल्याकडे

रक्ताच्या अभ्यासात मुंबई काही मागे नव्हती. जगाला ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ माहीत झाला तो १९५२ साली, डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांमुळे. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात आज रक्ताच्या आजारांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. म्हणजे ज्ञान दाराशी होतं. घरात मात्र ते जुनं वाक्यच आलं.

कायद्यातही तेच. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा चांगला कायदा आहे, त्यात हिमोफिलियाचा समावेश झाला आणि कित्येक कुटुंबांना आधार मिळाला. पण त्यातली हिमोफिलियाची व्याख्या वाचा. हा आजार सहसा फक्त पुरुषांना होतो आणि बायका तो आपल्या मुलग्यांना देतात, अशाच अर्थाची ती आहे. १८०३ मधलं फिलाडेल्फियाचं वाक्य २०१६ मध्ये दिल्लीत! आणि वॉन विलेब्रँडचं नाव त्या यादीत नाही.

दुसरीकडे, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्याला आहारापासून अनेक कारणं आहेत, सगळं खापर या आजारांवर फोडता येणार नाही. पण आपण लोहाच्या गोळ्या देतो, बीट-खजूर खायला सांगतो, आणि ‘बाई, रक्त जातंय किती?’ एवढा प्रश्न राहून जातो. टाकी भरत राहायची आणि नळ गळतोय का ते बघायचंच नाही.

आणि जेव्हा बघितलं जातं, तेव्हा पुष्कळदा उपाय एकच: ‘पिशवी काढून टाका.’ माझ्या आईची पिशवी ३९ व्या वर्षी काढली. ऑपरेशनमध्येही खूप रक्त गेलं, दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. रक्त गोठण्याची खास तपासणी आधी कोणी केली नाही, नंतरही नाही. आईला विचारलं तर म्हणते, ‘सुटले बाई एकदाची.’

मग करायचं काय?

मी डॉक्टर नाही. हे फक्त कुणाला आणि काय विचारायचं ते कळावं म्हणून.

पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालते? तासाला किंवा दोन तासांना पॅड पूर्ण भिजतो? रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडतात? रात्री कपडे बदलायला उठावं लागतं? पहिल्या पाळीपासूनच असं आहे? त्याच्या जोडीला नाकातून वरचेवर रक्त येणं, कारण नसताना काळे-निळे डाग उठणं, दात काढल्यावर किंवा बाळंतपणानंतर खूप रक्त जाणं, घरात आणखी कोणाला असं होणं. यांतलं एकापेक्षा जास्त जुळत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना सरळ विचारा: ‘रक्तस्रावाचा आजार असू शकतो का? रक्तविकारतज्ज्ञांना दाखवू का?’

साध्या सीबीसीत हे कळत नाही. प्लेटलेटचा आकडा चांगला येतो आणि आपण निर्धास्त होतो. वॉन विलेब्रँडची तपासणी वेगळी असते आणि कधी कधी ती पुन्हा करावी लागते, कारण ताण, आजारपण, गरोदरपण यांत हे प्रथिन तात्पुरतं वाढतं. निदान होईपर्यंत ऍस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. निदान झालं तर उपाय आहेत: ओकामोतोबाईंची गोळी, हार्मोनचे उपचार, १९७७ साली इटलीतल्या मानुच्ची यांनी वापरून दाखवलेलं डेस्मोप्रेसिन, आणि गंभीर आजारात थेट फॅक्टर. कुठलं कोणाला, ते डॉक्टर ठरवतील. आणि दात काढायचा असो, ऑपरेशन असो की बाळंतपण, निदानाचा कागद आधी दाखवायचा.

पुरुष मंडळींनो, हा भाग तुमच्यासाठीही आहे. हा आजार वडिलांकडूनही येतो. आपल्याला लहानपणी नाकातून रक्त यायचं, ‘उष्णता झाली’ म्हणून कांदा हुंगायला दिला होता, असं असेल आणि आज घरात वयात येणारी मुलगी असेल, तर तुमची ती आठवण तिच्या डॉक्टरांच्या कामाची आहे.

१७ एप्रिल हा जागतिक हिमोफिलिया दिन. २०२५ साली त्याचा विषय बायका आणि मुली हा होता: त्यांनाही रक्तस्राव होतो, त्यांनाही उपचार मिळायला हवेत. ओटोंच्या लेखाला तेव्हा २२२ वर्षं झाली होती.

शेवटी परत घरी येतो. बहिणीच्या निदानानंतर आम्ही आईचीही तपासणी केली. आकडा बॉर्डरलाइनवर आला. डॉक्टर म्हणाले, वय वाढतं तसं हे प्रथिनही वाढतं, त्यामुळे ३९ व्या वर्षी ते किती होतं हे आता सांगता येणार नाही. कदाचित पिशवी वाचली असती, कदाचित नसती.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग बहिणीला म्हणाली, ‘मी तुला सांगायचे ना, होतं गं असं, सहन करायचं. मला माझ्या आईने सांगितलं होतं.’

बहीण म्हणाली, ‘आई, तुला कुठे माहीत होतं?’

मागच्या महिन्यात मावशीचा फोन आला. तिच्या नातीला पाळी आली, बारावं वर्ष. आईने फोनवर पहिला प्रश्न विचारला, ‘किती दिवस जातंय? आणि पॅड किती लागतात, नीट मोजायला सांग तिला.’ मी बाहेरच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसलो होतो. तिने आवाज खाली केला नाही.

भेटू पुढच्या भागात. तोवर हा भाग घरातल्या बायकांना ऐकवा, आणि ऐकवून झाला की त्या काय म्हणतात ते तुम्ही ऐका.